आबांच्या हंड्यातलं पाणी

हे आजवर कुणाला कळलेलं नाही. प्रज्ञाला नाही — म्हणजे माझ्या बायकोला, जिला माझ्या खिशात काय आहे ते माझ्याआधी कळतं. मुलीला नाही. ऑफिसात नाही, मित्रांत नाही. माझी मुलगी मित्रा मराठी बोलते, पण वाचायला बसली की दुसऱ्या ओळीला अडखळते आणि मोबाइल उचलते. तेव्हा हे तिच्या हाती पडलं तरी ती काही शेवटपर्यंत जाणार नाही, हा विचार मी आधीच करून ठेवलेला आहे. पाहिलंत? कबूल करायला बसलो आणि पहिल्याच दमात पळवाट शोधून ठेवली. मी असा आहे.

तुम्हाला वाटेल, असं काय केलं असेल याने? कुणाचं घर बुडवलं, कुणाच्या जिवावर उठला? तसं काही नाही. पोलिसात जाण्यासारखं नाही, चारचौघांत बोभाटा होण्यासारखंही नाही. सुरुवात तर माशांपासून होते. हसू नका.

आमच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये, जिथे इतरांच्या घरी टीव्ही असतो तिथे, काचेची एक टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. हैदराबादला समुद्र नाही — आहे त्या तलावालाच सागर म्हणून आम्ही वेळ मारून नेली आहे — पण माझ्या घरात समुद्र होता. फिल्टरच्या पाण्यात खास मीठ विरघळवून केलेला, निळ्या दिव्याखालचा. त्यात एका मित्राने दिलेला प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा मी लावला होता. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं का, तो प्राणी आहे. काही वर्षांत तो सुपाएवढा पसरला. त्याला लांब, मऊ, हिरवी बोटं होती, टोकाला गुलाबी. पाणी हललं की सगळी एका अंगाला कलायची. त्या बोटांत क्लाउनफिशची जोडी राहायची. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे — पोरांच्या दप्तरावर असतो तोच मासा, तुम्ही ओळखाल. दिवसभर ती दोघं त्या बोटांत लोळायची, अंग घासायची, जरा बाहेर यायची आणि खुट्ट झालं की परत आत.

या टाकीचा मला फार माज होता. दुसरा शब्द नाही. शहरातल्या खाऱ्या टाक्या पाळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर माझं. पाणी किती खारं असावं, किती गरम चालेल, सगळं मला विचारा. आणि तांबं — तांब्यावर तर मी प्रवचन द्यायचो. तांब्याचा अंश माशाला सहसा मारत नाही; आजारी माशाला तो औषध म्हणून जपून देतातसुद्धा. पण प्रवाळाला तो विष, गोगलगाईला विष. तांब्याचं भांडं टाकीच्या आसपासदेखील फिरकू देऊ नका, असं मी नव्या माणसाला इतक्यांदा बजावलंय की ग्रुपवर त्याची चेष्टा व्हायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता आबांकडे येतो. येतोच आहे, टाळत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. परभणीकडचे. पाटबंधारे खात्यात कालव्यावर त्यांची सगळी नोकरी गेली — कुठल्या चारीला किती पाणी सोडायचं, कुठे फुटलंय, कुणी चोरून वळवलंय. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आलो. तेलुगू त्यांना आली नाही, पण दखनीवर त्यांचं भागायचं. भाजीवालीशी, वॉचमनशी त्यांची माझ्यापेक्षा जास्त ओळख. गौलीगुड्याला माझी आत्या राहते, तिच्याकडे सिटी बसने एकटे जाऊन यायचे. संध्याकाळी घरात वंदना व्हायची, ती आबाच सांगायचे. त्यांच्यामागून आम्ही तिघं त्रिसरण, पंचशील म्हणायचो. मित्रा अर्धे शब्द गिळायची, पण म्हणायची.

टाकीला त्यांनी आधी नाकं मुरडली. कोंडलेल्या समुद्राचं काय बघायचं, म्हणाले. मग हळूहळू त्यांची खुर्ची तिकडे सरकत गेली. दुपारी जेवण झालं की ते टाकीसमोर बसायचे ते चहापर्यंत. प्रवाळाला ते वाकळ म्हणायचे — नवरा-बायको वाकळ पांघरून पडलीत बघ. या जातीत मादी मोठी असते आणि हुकूम तिचा चालतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी प्रज्ञाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फक्त खाकरले. मादी मेली तर मागे राहिलेला नर स्वतःच मादी होतो, हेही मी एकदा ज्ञान पाजळलं. आबा म्हणाले, आपल्यातबी असं पाहिजे होतं, तुझी माय गेल्यावर मला भाकरी तरी थापता आली असती. आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पण त्या दिवशी ते टाकीसमोरून लवकर उठले नाहीत.

त्यांना काहीतरी काम हवं म्हणून मी टाकीत पाणी घालायचं काम त्यांना दिलं. खाऱ्या टाकीचं एक असतं — वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं रोज गोडं पाणी घालायचं, तेही फिल्टरचं. काचेवर मी चिकटपट्टी लावून खूण केली होती. आबा रोज सकाळी वाकून ती खूण बघायचे आणि कॅनमधलं पाणी मगाने इतकं बेताने सोडायचे की प्रवाळाचं बोटही हलू नये. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावलं होतं, हंड्यातलं पाणी यात चुकूनही नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

आणि हो, हंडा. त्याबद्दल सांगायलाच हवं.

आबांच्या लहानपणी आमच्या गावात आमच्या लोकांना विहिरीला शिवू देत नसत. आजी रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाला दया आली की वरून पाणी ओतायचं. आबा एकदा तहानेने कळवळून पुढे झाले, तर कुणीतरी ओरडलं — पाण्याला हात लावू नको. हे त्यांनी मला सबंध आयुष्यात दोनदाच सांगितलं असेल, तेही रडगाणं म्हणून नव्हे, सहज. नोकरी लागल्यावर त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती तांब्याचा मोठा हंडा. तो कायम भरलेला असायचा. दारात कोण आलं — पाहुणा, पोस्टमन, गॅसवाला — त्याला आधी त्यातलं पाणी. तो हंडा बदल्यांच्या गावांतून फिरत फिरत आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये आला. आबा त्यात रोज फिल्टरचं पाणी भरायचे आणि पौर्णिमेच्या आधी चिंच-मीठ लावून त्याला असा घासायचे की हॉलमधूनही तो चमकताना दिसावा.

त्या उन्हाळ्यात पौर्णिमेला आबा आत्याकडे राहायला गेले. जाताना हंडा घासून, भरून, झाकून गेले. आणि ते गेले त्याच दिवशी आमचा फिल्टर बिघडला. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला, हैदराबादी उद्या. दोन दिवस गेले. उन्हाळा असा की टाकीतलं पाणी खुणेच्या पार खाली उतरलं, आणि रविवारी ग्रुपमधले लोक माझं प्रवाळ बघायला घरी येणार होते. मीच बोलावलं होतं त्यांना. फोटो टाकून टाकून, या, या म्हणून.

शुक्रवारी दुपारी घरी मी एकटा. प्रज्ञा ऑफिसात, मित्रा क्लासला. कॅन पालथा. खाली दुकानात प्यायच्या पाण्याचे कॅन मिळतात, पण माझ्या प्रवाळाला कुठलं तरी दुकानातलं पाणी? छे. मग माझी नजर हंड्यावर गेली. त्यात फिल्टरचं पाणी होतं. आबांनी भरलेलं. दोन दिवसांचं शिळं, आता कोण पिणार — उगीच वाया जाईल. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त 'फिल्टरचं' एवढा एकच शब्द होता. तुम्हाला पटतंय का? मलाही पटत नाही. जगाला तांब्यावर प्रवचन देणारा मी, तो हंडा दोन्ही हातांनी उचलून टाकीपाशी आणला आणि तळ दिसेपर्यंत मगाने पाणी ओतत राहिलो. पाणी बरोबर खुणेला आलं. मला बरं वाटलं. मग रिकामा हंडा आबांना आवडत नाही म्हणून खालच्या दुकानातला कॅन आणून तो भरून ठेवला आणि विसरून गेलो.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी परतले, फिल्टरही तेव्हाच दुरुस्त झाला आणि त्यांनी नेहमीसारखं टाकीत कॅनमधलं पाणी घातलं. रविवारी सकाळी उठलो तर प्रवाळाची बोटं मिटलेली. उन्हाने असेल, म्हटलं. पाहुणे येईपर्यंत ती आत ओढली जाऊन खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला होता, त्यावर शेंबडासारखं काही सुटत होतं. काच साफ राहावी म्हणून टाकीत सोडलेल्या गोगलगाई उताण्या पडल्या होत्या. ते दोघे मासे मात्र जिवंत. ते त्या सांगाड्याभोवती घिरट्या घालत होते, आत घुसायला बघत होते, आणि आत घुसायला काही उरलं नव्हतं. आबा खुर्ची काचेला टेकवून बसले होते. वाकळ गेली रे, एवढंच म्हणत होते.

आलेल्यांत इम्तियाजभाई होते, मलकपेटला त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांनी तपासणीचं सामान सोबत आणलं होतं. बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. रंग बदलला. ते हळूच म्हणाले, "तांबा है मियाँ. कां से आया की."

किचनच्या दारातून हंडा दिसत होता, नुकता घासलेला, लखलखीत. एकेकाची नजर तिकडे गेली, तिथून आबांकडे आली, आणि सभ्यपणाने खाली वळली. रोज पाणी कोण घालतं, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मीच कौतुकाने फोटो टाकले होते.

आणि मला तेव्हा कळलं. त्या क्षणी. शुक्रवारची दुपार, हंड्याचा गार काठ, तळाशी खरवडणारा मग — सगळं एकदम. त्या क्षणापर्यंत मी फक्त चुकलो होतो. चूक कुणाकडूनही होते, नाही का? तोंड उघडून 'अरे, मीच टाकलं की' म्हणालो असतो तर लोक हसले असते, वर्षभर चेष्टा केली असती, तांब्याचे मास्तर म्हणून चिडवलं असतं. बस. एवढंच होतं. एवढ्यासाठी.

प्रज्ञाने आबांना विचारलं, अगदी सांभाळून, की हंड्यातलं पाणी चुकून गेलं का. आबा ठामपणे म्हणाले, तांब्याचं मी नाही टाकत, यानंच सांगितलंय. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांची बाजू घेईन म्हणून. मी काहीच बोललो नाही. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण ते बघून त्यांचा ठामपणा हलला. त्या वर्षी ते थोडं विसरू लागले होते — चष्मा डोळ्यावर असून शोधायचा, एकदा गॅस चालू राहिला होता. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी कपाळावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "मी टाकलो का रे?"

मला. दुसऱ्या कुणाला नाही. स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला म्हणून पोटच्या पोराला विचारलं.

मी म्हणालो, "टाकलं असेल, आबा. असू द्या. होतं असं."

बघा, मी आरोपसुद्धा केला नाही. मी माफ केलं. खांद्यावर हात ठेवून, चारचौघांसमोर, मऊ आवाजात मी माझ्या बापाला माझ्या चुकीबद्दल माफ केलं. इम्तियाजभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की एवढी वर्षांची मेहनत गेली, पण हा माणूस वडिलांवर आवाज चढवून बोलला नाही, असा मुलगा सर्वांना मिळो. खाली हात जोडलेल्या खुणा. मी त्या वाचल्या. खोटं कशाला बोलू — वाचून मला बरंही वाटलं.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, तसंही नाही. पण मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे कॅन घेऊन टाकीपाशी गेले. प्रवाळ मेलं तरी मासे होते, पाणी तर लागणारच. ते वाकून खूण बघत होते. मला ते बघवेना. का बघवेना? त्यांचा तो बेताने चालणारा हात बघितला की मला कळत होतं, हा हात असली चूक करणारा नव्हे. प्रज्ञालाही कळलं तर? मी पुढे झालो, त्यांच्या हातातून कॅन घेतला आणि म्हणालो, "आबा, यापुढे पाण्याला हात लावू नका."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

आबांनी हात मागे घेतला. नुसता खाली केला नाही — मागे घेतला, पाठीशी. म्हाताऱ्या माणसाने नाही, लहान पोराने घ्यावा तसा. माझ्याकडे बघितलं नाही. आतल्या खोलीत गेले. तुम्हाला वाटतं मी मागे गेलो असेन? मी चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि ऑफिसला निघून गेलो.

पुढचं आपोआप घडत गेलं, मला फारसं काही करावं लागलं नाही. आबांनी आपली खुर्ची टाकीसमोरून उचलून खोलीत नेली. पुढच्या खेपेला ते हंडा घेऊन आत्याकडे गेले आणि तिथेच ठेवून आले. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी पिऊ लागले. प्रज्ञाने काळजीपोटी त्यांना गॅसपाशी जाऊ देणं बंद केलं. मित्रा, जी त्यांच्या मांडीवर वाढली, ती त्यांच्या हातातलं कप-बशी, औषध, काहीही 'आबा, द्या मी करते' म्हणून काढून घेऊ लागली. प्रेमानेच. डॉक्टरांनी विसरण्याचं उदाहरण विचारलं तेव्हा मी टाकीचंच उदाहरण दिलं. आबा शेजारी बसून मान खाली घालून ऐकत होते. खरंच विसरलेल्या गोष्टी होत्या की सांगायला! पण मी हेच सांगितलं. एकदा सांगितलेलं पुन्हा पुन्हा सांगितलं की स्वतःलाही जरा खरं वाटायला लागतं — तेवढ्यासाठी असेल.

गौलीगुड्याला एकटं जाणं त्यांनी स्वतःहून सोडलं. चुकीच्या बसमध्ये बसेन, म्हणाले. तोवर ते एकदाही चुकले नव्हते. आणि एका संध्याकाळी वंदनेला बसल्यावर ते मला म्हणाले, आता तू सांगत जा, माझ्याकडून मधलंच एखादं सुटून जाईल. त्यांना ती झोपेतही येत होती. तेव्हापासून मी सांगतो. मी आधी म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. दर संध्याकाळी मी ते स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगतो, आणि माझ्या मागून आबा म्हणतात. पहिले काही दिवस माझा आवाज तिथे अडकायचा. मग अडकेनासा झाला. हे जास्त वाईट, असं मला वाटतं.

ते दोघे मासे बरेच दिवस त्या मेलेल्या जागेवरच राहिले. पांढरा सांगाडा मी उपटून टाकला तरी त्या रिकाम्या दगडाशी अंग घासायचे. नंतर पंपाच्या काळ्या जाळीला चिकटून राहू लागले. मी दुसरं प्रवाळ आणलं, चांगलं वाढलंही, पण ते त्याच्याकडे गेले नाहीत. ग्रुपवर याचं कारण विचारलं असतं तर मी परिच्छेदभर लिहिलं असतं. खरं म्हणजे मला कारण माहीत नाही.

मी कितीदा ठरवलं की सांगून टाकायचं. कधी पाहुणे होते, कधी आबांना ताप होता, कधी मित्राची परीक्षा होती. निमित्तं मला कधी कमी पडली नाहीत. आणि आबा खरोखरच विसरत चालले. आधी गावातल्या लोकांची नावं गेली, मग नोकरीतली गावं, मग कोणता महिना चालू आहे ते. आता आईचं नाव त्यांना सांगावं लागतं. मला कधी बाळ म्हणतात, कधी साहेब म्हणतात. पण टाकीच्या पंपाचा आवाज कानावर पडला, किंवा हॉलमधून नेताना तो निळा उजेड दिसला, की ते थबकतात आणि कुणी असेल त्याला सांगतात, मी पाणी टाकलो, माझ्यानं झालं. वॉचमनला सांगतात, फिजिओवाल्याला सांगतात. जे होतं ते सगळं गेलं आणि जे कधी घडलंच नाही तेवढं राहिलं. ते मी त्यांना दिलेलं आहे.

मागच्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, मी गॅलरीत बसून त्यांची नखं कापत होतो. ऊन चांगलं होतं, आबा खुशीत होते, मला नावाने हाक मारत होते. त्यांच्या हाताकडे बघत बघत मी बोललो. म्हणालो, आबा, ते पाणी तुम्ही टाकलं नव्हतं. तुम्ही तर घरातही नव्हता, आत्याकडे होता. हंडा मी उचलला, पाणी मी ओतलं. लोकांसमोर माझी फजिती होईल म्हणून मी तुमच्यावर ढकललं. तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोललो. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं, आबा. कधीच नाही.

सगळं बोललो. काही राखून ठेवलं नाही. आबा लक्ष देऊन ऐकत होते, अगदी पूर्वीसारखे. मग त्यांनी आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"लेकरा," ते म्हणाले, "माझी चूक तू कशाला अंगावर घेतोस? तू लई चांगला हायेस."

मी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्याने. ते हसत राहिले आणि माझे केस कुरवाळत राहिले, आणि दुसरा हात त्यांनी नखं कापायला पुढे केला.

गॅलरीच्या दारात प्रज्ञा उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे, पण तिने ऐकलं होतं. डोळे पुसत होती. संध्याकाळी वंदना झाल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "तुम्ही स्वतःवर घेतलंत, बरं केलंत. त्यांच्या मनावरचं ओझं जरा तरी उतरलं असेल."

मी म्हणालो, "हो."